कागदावर नेलेले पाय

“आत्ती, खोक्यांना वरून खाकी कागद लावूया का?”

“का गं? खोकी उघडी पडलीत व्हय?”

कल्लाप्पा मान खाली घालून हसला. वैजयंता हसली नाही. तिच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. मला न विचारता पेठेतून जाऊन आणलेली.

“सणाचं आहे म्हणून म्हटलं,” ती म्हणाली. “कागद लावला, वर एखादं फूल काढलं, तर पोरांना बरं वाटेल.”

“आणि झाकणावरचं नाव? ते कागदाखाली पुरायचं?”

ती गप्प बसली. माझी सून होऊन तिला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि माझ्यापुढं गप्प बसायची सवय तिला चांगली लागली होती. मीच लावली होती.

ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान. पुढं दुकान, मागच्या खोलीत कारागीर, वर माळा. माळ्यावर बसून आम्ही तिघं एक्केचाळीस खोकी भरत होतो. कल्लाप्पा आमचा सगळ्यात जुना कारागीर. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळं माझ्या बोलण्यावर हसायची मुभा त्याला एकट्यालाच होती.

त्या खोक्यांचा मला फार अभिमान. नवरा गेला तेव्हा आम्ही चपला वर्तमानपत्रात बांधून द्यायचो. मी स्वतः मागच्या खोलीत जमिनीवर बसून चपलांच्या वेण्या विणायचे, आरीनं टाके घालायचे. तिथून उठून पुढं गल्ल्यावर बसले, आणि दहा वर्षांनी स्वतःची खोकी छापून घेतली. लाल झाकण, त्यावर चकचकीत काळ्या बुटांचा जोड, खाली सोनेरी अक्षरांत ‘सातपुते पादत्राणे’. बूट आम्ही विकायचो थोडे, चपलाच जास्त. पण छापखानेवाल्यानं चित्र बुटांचं टाकलं आणि मला ते आवडलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण ती सोनेरी अक्षरं मला रस्त्याच्या पलीकडून वाचता यायची.

खोक्यांचं निमित्त घेऊनच सरनोबत वहिनी आल्या होत्या. वीस वर्षं आमच्याकडच्या चपला घालायच्या, पण गाडीतून उतरायच्या नाहीत. ड्रायव्हर आत यायचा, चार जोड बाहेर न्यायचा, तीन परत आणायचा. त्या दिवशी स्वतः उतरल्या. बरोबर त्यांच्या महिला मंडळाच्या दोघी. आत येऊन बसल्यासुद्धा.

“बायजाबाई, माळावर खडीचं क्रशर आहे ना, तिथल्या कामगारांची मुलं आहेत. दिवाळीला प्रत्येकाला एकेक भेटीचं खोकं द्यायचं म्हणतोय आम्ही. पंधरा रुपयांत बसवायचं. तुमच्याकडं रिकामी खोकी असतील ना?”

“खोकी हायत. पण पंधरा रुपयांत तुमचं मंडळ भरणार काय? हवा?”

बरोबरच्या दोघी दचकल्या. वहिनी मात्र हसल्या. “मग तुम्हीच भरून द्या.”

“देते. आणि ऐकून ठेवा, एक जरी पोर तोंड पाडून गेलं, तर तुमच्या मंडळाची पायरी चढणार न्हाई.”

“पायरी चढायला आधी सभासद व्हावं लागतं,” त्या दोघींतली एक बारीक आवाजात म्हणाली.

“ते पाडव्याला करूया,” वहिनी म्हणाल्या. “हॉलमध्ये मंडळाचा फराळ आहे. बायजाबाईंची खुर्ची पुढच्या रांगेत.”

पुढच्या रांगेतली खुर्ची. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. ज्या बायकांच्या पायांशी वाकून मी जन्मभर चपला चढवल्या, त्यांच्या शेजारी मला एकदा बसायचं होतं.

मुलांची नावं लिहून आणायला मी वैजयंताला पाठवलं. ती दहावी शिकलेली, आणि मंडळाच्या बायकांना क्रशरची धूळ सोसत नव्हती. संध्याकाळी आली ती पांढरी होऊन. केसांत धूळ, पापण्यांवर धूळ. पिशवीत वर्तमानपत्रांचं एक बाड होतं. मला वाटलं, रद्दी.

“आत्ती, तिथं एकाही पोराच्या पायात काही नाही. आणि खाली सगळी नुसती खडी. टोकदार.”

“मग? दुकान उघडून वाटू? सणाचा माल हाय त्यो.”

“तसं नाही. मी काय म्हणत होते—”

“तू काय म्हणत होतीस ते दिवाळी झाल्यावर सांग.”

ती बाड घेऊन वर निघून गेली.

पुढचे आठ दिवस माझ्या अंगात वारं शिरलं होतं. रिबिनवाल्याशी मी एवढी भांडले की शेवटी तो म्हणाला, “आक्का, फुकट घ्या, पण दारातनं उठा.” फुकट नाही घेतली. शिट्ट्या जत्रेत विकणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन शेकड्यानं आणल्या. कंगवे, खडूच्या पेट्या, उटण्याच्या पुड्या, साबणाची लहान वडी. फराळ घरचा. दोन बेसनाचे लाडू, चकल्या, शंकरपाळ्या. पंधरा रुपयांच्या वर पाच पैसे जाऊ दिले नाहीत, आणि लाडवाला तूप कमी घातलं नाही. भरायची पद्धत मी ठरवली. खाली शंकरपाळ्या, मध्ये लाडू, कडेनं कंगवा नि खडू, आणि सगळ्यावरून तो पातळ पांढरा कागद. नव्या जोडावर घालतो तो. झाकण उचललं की आधी तो कागद सळसळला पाहिजे, मग आतलं दिसलं पाहिजे. गिऱ्हाइकाच्या तोंडावर तेवढ्या वेळात जे येतं, ते बघून मी वीस वर्षं धंदा केला होता.

“हा कागद तरी नको, आत्ती,” वैजयंता म्हणाली.

“आता ह्यानं काय केलं तुझं?”

“अगदी चपलेच्या खोक्यासारखं दिसतंय.”

“चपलेचंच खोकं हाय ते. मग काय मिठाईचं दिसणार?”

वसुबारसेच्या सकाळी टेंपोत खोकी चढवताना ती पुन्हा आली. म्हणाली, झाकणं उलटी घालूया, छापील बाजू आत. आता मात्र माझा तोल सुटला. टेंपोवाला, कल्लाप्पा, शेजारचा घड्याळवाला, सगळे ऐकत होते.

“तुझ्या म्हायेरी झाकणं उलटी घालत्यात व्हय गं? का तिथं कधी खोकंच बघितलं न्हाईस?”

तिनं माझ्याकडं बघितलं. खाली वाकून पुढचं खोकं उचललं आणि टेंपोत ठेवलं.

क्रशरवर पोचलो तेव्हा मशीन सणासाठी बंद होतं. तरी धूळ हवेतच होती. झोपड्यांवर, बाभळीवर, उभ्या ट्रकवर पिठासारखी बसलेली. टेंपोपासून झोपड्यांपर्यंत फुटलेली खडी पसरलेली होती. माझ्या पायांत जाड तळाची चप्पल, तरी चालताना टोकं कळत होती.

पोरं आधीच रांग करून उभी. अंगावर धूळ, गुडघ्यांवर धूळ, केस राठ. पण पाय स्वच्छ. घोट्यापर्यंत एकेकाचे पाय चोळून धुतलेले. जणू पांढऱ्या पोरांना काळेभोर पाय कुणी नंतर जोडले होते. काही जण तर तेवढ्यासाठी घमेली उलटी घालून त्यांवर उभे होते, खाली मळू नयेत म्हणून.

“किती गुणी मुलं बघा,” सरनोबत वहिनी म्हणाल्या. “सण म्हणून पाय धुऊन आलीत.”

मलाही ते फार बरं वाटलं.

वैजयंता टेंपोच्या मागं उभी होती. मी ओरडले, “अशी लपतीस काय? यादी तुझ्याकडं हाय, नावं वाच की!”

ती पुढं आली आणि हळू आवाजात नावं वाचायला लागली. पहिल्या पोरानं खोकं हातात घेतलं, झाकणावरचं चित्र बघितलं आणि तो मागं वळून ओरडला, “बूट! खरंच बूट हायत रे!”

ती आरोळी रांगेच्या शेवटापर्यंत धावत गेली. झोपड्यांतून आया बाहेर आल्या. खुळ्यासारखी मीसुद्धा हसले. मला वाटलं, खोकं आवडलं.

सगळी पोरं रडली असं नाही. बारक्यांनी शिट्ट्या तोंडात घातल्या आणि त्यांची दिवाळी सुरू झाली. पण जरा मोठी होती ती पातळ कागद उचलायची, आत बघायची, मग लाडवाखाली हात घालून चाचपायची. मग एकमेकांच्या खोक्यांत बघायची. आरोळी ठोकणारा पोरगा एकदम गप्प झाला होता.

एक सहा-सात वर्षांची मुलगी माझ्यासमोरच खाली बसली. दुर्गी तिचं नाव, नुकतंच वैजयंतानं वाचलेलं. तिनं लाडू काढून बाजूला ठेवले. कंगवा ठेवला, खडू ठेवले, रिबीन ठेवली. पांढरा कागद झटकून बघितला. मग खोकं पालथं करून तळावर थाप मारली. शंकरपाळीचा चुरा पडला. ती उठून माझ्याकडं आली.

“माझा पाय कुठं हाय?”

“काय कुठं हाय?”

“माझा पाय. ताईंनी कागदावर नेला न्हवं का? ताई म्हणल्या, हलू नको. मी हलले न्हाई. शिरपा हलला, मी न्हाई हलले.” तिनं धुतलेला उजवा पाय पुढं करून दाखवला. “मग माझं का न्हाई आलं?”

मी वैजयंताकडं बघितलं. तिनं यादीचा कागद तोंडासमोर धरला होता.

तेवढ्यात त्या पोरीची आई आली, यल्लव्वा. तिनं पोरीला दंडाला धरून मागं ओढलं आणि मला हात जोडले. “बाई, राग मानू नका. लेकराला कळत न्हाई. लाडू लई ग्वाड हायत. एवढं कोण देतंय आमाला?”

मला कुणी शिवी दिली असती तर मी चार परत दिल्या असत्या. या बाईनं माझे आभार मानले.

सरनोबत वहिनी म्हणाल्या, “छान झालं हो! पाडव्याला या हं नक्की, खुर्ची ठेवलीय.”

घरी आल्यावर मागच्या खोलीत गेले. कल्लाप्पा रापीनं चामडं कापत होता, त्याला उठूही दिलं नाही.

“वैजू, इकडं ये. त्या पोरांचे पाय तू नेलेस?”

“हो.”

“कुणाला विचारून?”

“कुणाला नाही.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

ती मान वर करून म्हणाली, “तुम्ही सांगू दिलंत कुठं, आत्ती?”

कल्लाप्पाची रापी थांबली.

“नावं लिहायला गेले तर एका पोराच्या टाचेत खडीचा तुकडा रुतलेला. मला वाटलं, मापं घेऊन जाते, आत्तींना दाखवते. आत्ती पाय बघितल्यावर नाही म्हणणार नाहीत. त्या दिवशी बोलायला गेले, तुम्ही म्हणालात दिवाळीनंतर सांग. मग वाटलं, निदान खोकी झाकावीत. बुटांचं चित्र बघून पोरांनी आशा धरायला नको. चूक माझीच आहे. मापं मी घ्यायलाच नको होती.”

एवढं सलग ती नऊ वर्षांत माझ्यापुढं बोलली नव्हती. बोलून झाल्यावर वर गेली आणि ते बाड आणून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

मी जमिनीवर बसले. खूप वर्षांनी. एकेक वर्तमानपत्र उलगडून पसरत गेले. एक्केचाळीस पाय. पेन्सिलनं नीट काढलेले, टाचेत नाव. नावं वाचायला मला वेळ लागला असता, पण पाय वाचायला लागला नाही. हा पोरगा बाहेरच्या कडेवर भार देऊन चालतो, आत काहीतरी सलत असणार. ह्याची करंगळी दुमडलेली. हा पाय वळवळलेला, रेघ दोनदा काढलेली, हा शिरपा. आणि एक लहानसा पाय, रेघ अशी स्वच्छ की जणू तांब्या ठेवून काढलेली. तिथं मी नाव न वाचताच विचारलं, “ही ती?”

“ती दुर्गी.”

“कागदावर पाय काढायला तुला कुणी शिकवलं?”

“तुम्ही.”

“मी कधी?”

“माझ्या साखरपुड्याला. तुम्ही आमच्या अंगणात वर्तमानपत्र अंथरलंत आणि म्हणालात, पाय ठेव, हलू नको. आमच्या घरात येणाऱ्या सुनेची पहिली चप्पल सासू विणते.” ती जरा थांबली. “तोवर माझ्या पायात चप्पल नव्हती, आत्ती. दहावीपर्यंत शाळा अनवाणी केली. शाळेत एकदा कुणा साहेबाच्या बाईंनी असंच बुटाचं खोकं दिलं होतं. आत बिस्किटं होती. मी ती खाल्ली नाहीत.”

मला तो साखरपुडा आठवला. आणि तिचा पाय कागदावर आल्यावर मी भर अंगणात काय बोलले होते तेही आठवलं. “केवढे रुंद गं! पाय हायत का पाट?” सगळ्या बायका हसल्या होत्या.

“मी बोलले होते तुला तेव्हा,” मी म्हणाले.

“बोलला होतात. ते जाऊ दे. चप्पल अजून आहे माझ्याकडं.”

मी दुर्गीचा कागद जवळ ओढला. मग म्हणाले, “कल्लाप्पा, माझी आरी कुठं हाय?”

“तुमची?” तो म्हणाला. “नऊ वर्षांत न्हाई विचारलीसा.”

“हाय का गंजून मेली?”

तो उठला आणि फळीवरच्या डब्यातून माझी आरी काढली. तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. “मला वाटलंच हुतं, कधीतरी मागाल,” म्हणाला.

माझा मुलगा शिवदास दुकानातून धावत आला. “आई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि तू कल्लाप्पाला सोडत नाहीस? वर्षाची कमाई या चार दिवसांत असते!”

“मग तू पुढं उभा राहा. तुझे हात काय आयतं खायलाच हायत?”

“पण हे पाडव्यानंतर करता येईल की!”

“त्या पोरांनी पाय आज धुतलेत,” मी म्हणाले.

माळ्यावर मुलांच्या सँडलचा जुना माल पडून होता. नमुना बदलला म्हणून खपलेला नव्हता. वैजयंतानं एकेक जोड कागदावर ठेवून बघितला आणि त्यातून चोवीस पाय जुळले. राहिले सतरा. त्यांचे तळ कल्लाप्पानं कापले, टाके दुसऱ्या कारागिरानं घातले, वेण्या मी विणल्या. पहिल्या दिवशी बोटं ऐकत नव्हती. आरी दोनदा अंगठ्यात घुसली.

“जरा बेतानं, आक्का,” कल्लाप्पा म्हणाला. “रगात लागलं तर गिऱ्हाईक माल परत करतंय.”

“तुझ्या तोंडाला टाका घालीन.”

वैजयंता माझ्या शेजारी बसून चामड्याच्या बारीक पट्ट्या कापून देत होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात वेणी दिली. तिनं विणली, मी बघितली, उसवली, परत दिली. तिनं परत विणली. तिसऱ्या खेपेला उसवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून मी नुसतं “हूं” म्हटलं. ती एवढी खूश झाली की मलाच लाज वाटली. एवढ्याशा ‘हूं’साठी हिनं नऊ वर्षं वाट बघितली होती की काय?

नरक चतुर्दशीला घरात उटणं लागलं ते गडबडीत, लक्ष्मीपूजनाला मी चामड्याच्या वासाच्या हातांनीच आरती धरली. पाडव्याच्या सकाळी एक्केचाळिसावा जोड झाला. तो दुर्गीचा. मुद्दाम शेवटी ठेवला होता, हात बसल्यावर विणायला.

निघताना सरनोबत वहिनींचा ड्रायव्हर दारात. “बाईंनी सांगितलंय, दहाला हॉलवर या. गाडी पाठवू का विचारलंय.”

“बाईंना म्हणावं, बायजा शब्दाची पक्की हाय. एक पोर तोंड पाडून गेलं. मी पायरी चढणार न्हाई.”

त्याला काही कळलं नाही. पण निरोप त्यानं जसाच्या तसा दिला असावा, कारण आम्ही क्रशरवर पोचून अर्धा तास झाला नसेल, तर वहिनींची गाडी खडीवर हेलकावे खात आली. एकट्याच होत्या. उतरल्या, माझ्याजवळ आल्या, गोणपाटावर मांडलेले जोड बघितले. माझ्या अंगठ्याला बांधलेली चिंधी बघितली.

“मला का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या.

मी वैजयंताकडं बघितलं. ती गालात हसत होती. मग मीही हसले. “मला सांगायचं ऱ्हाऊन गेलं,” म्हटलं. वहिनी पदर खोचून खाली बसल्या आणि पोरांना सँडल चढवायला लागल्या. पट्टा कुठून कुठं जातो ते त्यांना येत नव्हतं. शिरपानं दाखवलं.

पोरांनी आपापली खोकी आणली होती. आम्ही सांगितलं नव्हतं. लाडू संपले होते, खोकी जपून ठेवली होती.

दुर्गी आली. मी तिचा कागद काढून तिच्यापुढं धरला. “हा घे तुझा पाय. हरवला न्हवता, माझ्याकडंच होता.”

तिनं कागदावर पाय ठेवून खात्री करून घेतली. मग चपला घातल्या. चार पावलं गेली, परत आली. खाली बसली, चपला काढल्या, तळ फुंकून साफ केले, खोक्यात ठेवल्या, वर पांढरा कागद घातला आणि झाकण लावलं. लाल झाकणाचं ते खोकं छातीशी धरून अनवाणी निघाली.

“अगं, घाल की पायात!”

“मळतील,” ती म्हणाली.

“मळू दे! मळल्या तर पुढच्या वर्षी दुसऱ्या. पाय वाढणार हाय का न्हाई तुझा?”

तिनं विचार केला. आईकडं बघितलं. यल्लव्वानं मान डोलावली. दुर्गीनं चपला परत घातल्या आणि त्या टोकदार खडीवरून पळाली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. कुणी असं आभार न मानता गेलेलं मला त्याआधी कधी एवढं गोड लागलं नव्हतं.

मंडळाची सभासद मी झाले नाही. पण ‘पुढच्या वर्षी’ म्हणून बसले होते, तो शब्द मोडता येईना. त्यानंतर दरवर्षी दसऱ्याला वैजयंता वर्तमानपत्रं घेऊन माळावर जाते. आधी पाय, मग खोकी. लाडू अजून असतात. तूप अजून कमी घालत नाही. सरनोबत वहिनी होत्या तोवर पट्टे लावायला येत राहिल्या, आणि शेवटपर्यंत त्यांना ते नीट आलं नाही. दुकान आता वैजयंता बघते. कल्लाप्पा गेला, त्याची रापी तेल लावून त्याच डब्यात आहे. नवीन खोक्यांवर चित्र नाही. तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, तुला काय ते कर, आणि तिनं साधीच छापली.

मी त्र्याऐंशीची झाले. गेल्या दसऱ्याला माझे पाय सुजले. दुकानातला एकही जोड चढेना. मी म्हटलं, राहू दे, आता जायचंय कुठं मला, घरात अनवाणी बरी. माळावर न्यायच्या गठ्ठ्यातलं एक वर्तमानपत्र वैजयंतानं ओढलं, माझ्या खाटेपुढं अंथरलं आणि गुडघ्यांवर बसली.

“ठेवा पाय.”

एवढ्या आयुष्यात मी किती पाय कागदावर काढले त्याला गणती नाही. माझा कुणी काढला नव्हता. माझ्या लग्नात सासू नव्हती, आणि पुढं मी दुकानातला न खपलेला जोड वापरायचे.

मी पाय ठेवला. तिनं तो सगळ्या बाजूंनी बघितला आणि गंभीर तोंडानं म्हणाली, “आत्ती, पाय आहेत का पाट?”

मी हसले, तशी सगळी खाट हलली. पेन्सिल टाचेवरून फिरायला लागली होती. गुदगुल्या होत होत्या.

“हलू नका, आत्ती.”

मी हलले नाही.